हलगी वाजण्याआधीची ग्रंथी

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण कुणाचं असेल तर ते माझ्या थोरल्या बहिणीचं, रत्नाचं. घरात आणि गल्लीत ती आक्का. ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला बसली म्हणून मी शाळेत बसू शकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकची पायरी चढलं नव्हतं. ती पायरी मी ओलांडली, बी.एस्सी. झालो, एम.एस्सी. झालो, आणि चौऱ्याऐंशी साली बेळगावच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. तिथून त्या वर्षी मी दोन प्रवास केले, एक कणकुंबीच्या रानाकडे आणि दुसरा बोरगावकडे. अंतरं किरकोळच. लोक याहून लांब लग्नाला जाऊन येतात. तरीही हे प्रवास लिहून ठेवतो आहे, कारण यातल्या दुसऱ्या ठिकाणी मी जावं असं माझ्या घरात कुणालाही वाटत नव्हतं.

बेळगाव

आधी प्रवासाचं कारण सांगतो.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक लहानशी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. बकऱ्याची असेल तर पावट्याच्या मोठ्या दाण्याएवढी. प्राणी घाबरला, धावला, उपाशी राहिला की मेंदूखालून रक्तातून एक निरोप निघतो आणि या ग्रंथीच्या पेशी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडू लागतात. प्रश्न असा, की निरोप पेशीच्या दारात येऊन थांबतो; आतल्या कामकऱ्यांपर्यंत तो कोण पोचवतं? आमच्याकडची पुस्तकं कॅल्शियमकडे बोट दाखवत. ते खोटं नव्हतं. पेशींच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून घेतलं की संप्रेरक घटतं, हे मीही पाहिलं होतं.

पण मी वखारीत वाढलेला. मालकाचा निरोप आला की मुकादम दारातून ओरडतो, हे सगळ्यांना दिसतं. त्या गोंगाटात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, रांगेतलीच एखादी बाई मागे वळून मागच्या रांगेला सांगते, हे आत बसलेल्यालाच माहीत. मला वाटत होतं, पेशीतही अशी एक बाई आहे. पेशीच्या पटलात मेदाम्लं गुंफलेली असतात. निरोप आला की त्यांतलं एक सुटून आत येतं आणि हाक पुढे देतं. ते सुटू न देणारं एक औषध होतं. माझा अंदाज असा, की ते औषध घातलं तर कॅल्शियम असूनही संप्रेरक घटेल, आणि मग वरून मेदाम्ल घातलं तर पुन्हा वाढेल.

यातलं पहिलं घडत होतं, दुसरं घडत नव्हतं. औषध घातलं की स्राव थांबे, आणि नंतर काहीही घाला, ढिम्म.

आमचे मार्गदर्शक शिस्तीचे आणि तुटक बोलणारे. सगळे त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत. माझी आकड्यांची वही त्यांनी मिटली आणि म्हणाले, "तुझ्या पेशी मेल्यात. औषधानं मारल्यात त्या. मेलेल्या पेशींवर प्रबंध होत नसतो. मेदाम्लाचं प्रकरण गाळ, कॅल्शियमवर लिही आणि मोकळा हो."

"मेल्या नाहीत, सर."

"मग जिवंत करून दाखव. महिनाअखेर समिती बसतेय. तोपर्यंत."

माझी शंका ग्रंथींवर होती. शहराच्या कत्तलखान्यात बकरी ट्रकमधून येत, तहानलेली, एकमेकांच्या अंगावर. त्यांच्या पेशी मी वेगळ्या केल्या की निरोप देण्याआधीच कॉर्टिसॉल ओसंडत असे. दमलेल्या गड्याला आणखी हाका मारून तो किती उठणार? मला न दमलेली ग्रंथी हवी होती. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "मग खेड्यात जा बाबा. जत्रांचे दिवस आहेत. बकऱ्यांना काय तोटा!"

तो हे थट्टेत म्हणाला होता. मी दुसऱ्याच दिवशी थर्मासात बर्फ भरला.

कणकुंबीच्या अलीकडे

जांबोटी मागे पडली की रान सुरू होतं. निपाणीच्या माणसाला ते चमत्कारिकच वाटतं. आमच्याकडे नजर टाकावी तिकडे काळी माती, तंबाखू, मधे एखादी बाभळ आणि मोकळं आभाळ. इथे आभाळ रस्त्याच्या पट्टीएवढंच. कणकुंबीच्या अलीकडे बस सोडली आणि फाट्यावरून चालत एका वाडीत गेलो. तिथे देवीची जत्रा होती.

माणसं फार चांगली. मी कोण, कुठला, हे विचारण्याआधी त्यांनी मला जेवायला बसवलं. उकड्या तांदळाचा भात, आमसुलाचं सार, वाळलेल्या माशांची किसमूर. आमच्याकडे जत्रेचा पहिला दिवस पोळ्यांचा, गोडा, आणि दुसरा मटणाचा, खारा. ताटात भाकरी आणि तांबडा रस्सा नसेल तर पाहुणा रुसतो. इथे भाकरी मागितली तेव्हा यजमानीण हसली. "भाकरी आजाऱ्याला करतो आम्ही," म्हणाली. मी भात दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर सगळे देवळापुढे जमले. ज्या घरचं बकरं होतं त्या घरच्या म्हाताऱ्याला मी माझं काम सांगितलं. गुर्द्याजवळच्या चरबीतला दाण्याएवढा तुकडा कुणी मागतो याचं त्याला नवल वाटलं, पण तो "न्या की" म्हणाला.

मग ते सुरू झालं. बकऱ्याला आंघोळ घालून, कुंकू लावून देवीपुढे उभं केलं. त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं. आता त्यानं अंग झाडायचं. झाडलं म्हणजे देवीनं पदरात घेतलं. झाडल्याशिवाय सुरी लावायची नाही. ही रीत आमच्या भागातही आहे. पण हे बकरं झाडेना. ढोल वाढले. पुन्हा पाणी. ताशा कानाशी आला. पोरं ओरडू लागली. बकरं चारी पाय रोवून, डोळे पांढरे करून उभं.

"काही चुकलंय घरात," कुणीतरी म्हणालं. म्हाताऱ्यानं देवीपुढे नाक घासलं. पुन्हा पाणी, पुन्हा ढोल. उन्हं कलली. शेवटी त्यानं एकदा अंग झाडलं आणि सगळ्यांनी जयघोष केला. मीही केला. माझी ग्रंथी मिळणार या आनंदात मी त्या बकऱ्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलंच नाही.

परतीच्या बसमध्ये थर्मासाचं बूच गळालं आणि तांबूस पाणी शेजारच्या आजोबांच्या धोतरावर गेलं. कंडक्टर धावत आला.

"येनरी इदु? काय हाय बाटलीत?"

"बर्फ."

"बर्फ तांबडा असतोय काय? दारू हाय?"

"दारू नाही. बकऱ्याची ग्रंथी आहे. प्रयोगासाठी."

"करणी!" मागून कुणीतरी कुजबुजलं. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळली. "गप बसा की रं. पोराचा अवतार बघा. ह्यो काय करणी करतोय? ह्याच्यावरच कुणीतरी केल्याली दिसतीया." सगळी बस हसली आणि मी वाचलो. आजोबांनी मात्र बेळगाव येईपर्यंत धोतराचा सोगा वर धरून ठेवला होता.

प्रयोगशाळेत पेशी सुट्या केल्या, नळ्या लावल्या. गंधकाम्लात कॉर्टिसॉल हिरवट चमकतं. जेवढं जास्त, तेवढी चमक. ज्या नळीत काहीच घातलं नव्हतं तीच सगळ्यांत जास्त चमकत होती. कत्तलखान्याच्या ग्रंथींपेक्षाही जास्त. निरोप, औषध, मेदाम्ल, कशानंही काही हललं नाही.

डॉक्टर शेजारून गेले. थांबले नाहीत. नुसतं म्हणाले, "जत्रा कशी झाली?"

त्या चमकत्या नळीपुढे बसल्यावर मला ते बकरं दिसलं. देवीपुढे ते जितका वेळ ढोलात उभं होतं तितका वेळ त्याच्या पेशी निरोपामागून निरोप झेलत होत्या. मी गेलो होतो न दमलेली ग्रंथी आणायला, आणि आणली ती जिल्ह्यातली सर्वांत दमलेली. इतक्या लांब ट्रक टाळायला गेलो आणि ताशाशेजारी उभा राहून जयघोष केला. जत्रा पाहत वाढलेला माणूसच ही चूक करू शकतो, कारण त्याच्या कानाला वाद्याचा आवाज हा आवाज वाटतच नाही.

मग मला काय हवं होतं ते नीट कळलं. घरामागच्या परड्यात जन्मलेलं, घरच्या हातानं चारा खाल्लेलं, आणि वाद्य वाजण्याआधी घरीच कापलं जाणारं बकरं. बाजारातून विकत आणून चाललं नसतं. नवखा हात लागला की जनावर भेदरतं. असं बकरं कुठे कापतात ते मला ठाऊक होतं. आमच्या गावी. खाऱ्या दिवशी, घरोघरच्या परड्यात.

निपाणी

इथे थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर एका माणसानं आपल्याच गावी जाण्यात काय विशेष, असं वाचणाऱ्याला वाटेल.

आमचं गाव बोरगावच्या पुढे. खाऱ्या दिवशी आमचा आजा लखाप्पा बांबूची पाटी घेऊन दारोदार उभा राहायचा. मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे, आणि त्याबदली बकऱ्याचं आतडं, पाय, कातड्याच्या कडा मिळायच्या. याला गाव 'हक्क' म्हणे. मागून, उंबऱ्याखाली उभं राहून, वरून टाकलेलं झेलायचं, त्याला हक्क! छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर तीन-चार वर्षांनी पुन्हा खारा दिवस आला आणि चावडीवरून बोलावणं आलं. वडील न बोलता पटका बांधू लागले. बारा वर्षांची आक्का दारात आडवी उभी राहिली आणि बोलावणाऱ्याला म्हणाली, "आमच्या घरातनं कुणी येणार न्हाय. वढायबी न्हाय आणि मागायबी न्हाय."

त्यानंतर गिरणीवाल्यानं आमचे जोंधळे दळायचे बंद केले. आम्ही निपाणीला आलो. पुढचं वर आलंच आहे.

म्हणून बोरगावला जाण्याआधी मी निपाणीत उतरलो. तंबाखूचा वास स्टँडच्या बाहेरच गाठतो. परगावचे लोक शिंकतात. मला पोचल्यासारखं वाटतं. आई वखारीतून आली होती. मी बेत सांगितला. तिनं चुलीत फुंकर घातली आणि वर न पाहताच विचारलं,

"खाऱ्या दिवशी?"

"हो."

"त्यांच्या दारात?"

"दारात नाही. परड्यात. आणि मागायला नाही, आई. शिकायला लागतं म्हणून."

"त्यांना तेवढं कळतंय व्हय? त्यांना दिसणार लखाप्पाचा नातू आला पाटी घेऊन."

"पाटी नाही. थर्मास आहे."

आई हसली नाही. "आक्काला काय सांगशील?"

आक्का लग्न होऊन मिरजेला होती. तिचं नाव निघाल्यावर मी भाकरी ठेवून दिली. बेळगावला परत फिरावं, कॅल्शियमवर लिहावं, मोकळं व्हावं, असं त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं. मग वाटलं, हे कुणाच्या सोयीचं? डॉक्टर म्हणतात तुझ्या पेशी मेल्यात. गाव म्हणेल तुझी जागा उंबऱ्याखाली. दोघांचंही न तपासताच खरं मानायचं, तर मग आक्कानं त्या दिवशी दार अडवलं कशाला?

सकाळी मी पहिली बस धरली.

बोरगावच्या पुढे

बोरगावच्या स्टँडवर दस्तगीर सायकल घेऊन उभा होता; येतोय एवढं मी त्याला पत्रानं कळवलं होतं. हा माझा हायस्कुलातला मित्र. निपाणीला रोज सायकल मारत यायचा, एस.एस.एल.सी.ला, म्हणजे मॅट्रिकला, गणितात नापास झाला आणि घरच्या कामाला लागला. ते गावाचे मुलाणी. जत्रेत घरोघरची बकरी कापायचा मान त्यांचा. मुलाण्यानं कलमा म्हणून सुरी फिरवल्याशिवाय आमच्या गावच्या देवीला नैवेद्य पोचत नाही. हे मी बाहेरच्यांना सांगतो तेव्हा ते डोळे विस्फारतात. आमच्याकडे कुणी विस्फारत नाही.

"काय रं सिद्धू, लई वाळलास. बेळगावात काय देत्यात का न्हाय खायाला?"

"दस्त्या, मला एक बकरं पाहिजे."

"आज सगळ्यांनाच पाहिजे."

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "तात्यांच्यात चल. बकरं घरचं हाय, सूनबाईच्या मागंमागं फिरतंय. पण तात्यांचं त्वांड तुला म्हाईत हाय. मी बोलू काय?"

"नको. मीच बोलतो."

तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी. वय झालेलं, आवाज शाबूत. परड्यात चूल पेटली होती, पाट्यावर मसाला वाटला जात होता, हलगीवाले भिंतीला टेकून हलग्या शेकत होते. भाऊबंद जमले होते. बकरं खुंट्याला बांधलेलंही नव्हतं. सून भांडी घासत होती आणि ते तिच्या पदराचं टोक चघळत होतं.

"कुणाचा रं तू?" तात्यांनी विचारलं.

"लखाप्पाचा नातू. निपाणीचा."

"व्हय, व्हय. लई शिकलास म्हनं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर थर्मासावर थांबली. "मग आज कशी वाट वाकडी केलास? इतक्या वर्सांनी हक्काची आठवण झाली व्हय?"

भाऊबंद हसले. एक जण म्हणाला, "पाटी मोडली, आता डबा काढलाय!"

माझे कान तापले. पण मी इथवर याच वाक्यासाठी तयार होऊन आलो होतो. "तात्या, हक्क आमच्या घरानं सोडला, तो सोडला. मी मागायला आलेलो नाही. गुर्द्याच्या वर चरबीत एक गाठ असते. ती तुम्ही कोणी खात नाही, मुलाणी काढून टाकतो, कुत्री नेतात. ती मला अभ्यासाला पाहिजे."

"म्हंजे मागतोयसच की."

"नाही. मी माझ्या हातानं काढून घेणार. आणि त्याआधी एक सांगणार. बकऱ्यानं अंग झाडून सुरी फिरेपर्यंत हलगी वाजू द्यायची नाही."

आता कुणी हसलं नाही. हलगीवाल्यानं शेकायची हलगी खाली घेतली.

"देवीचं बकरं," तात्या सावकाश म्हणाले, "हलगीबिगर? तू आम्हांला रीत शिकवायला आलास?"

"रीत तुमची. पाणी शिंपडा, झाडू दे, सगळं करा. फक्त आवाज नको. बकरं भ्यालं की ती गाठ रिकामी होते. मग ती माझ्या कामाची राहत नाही."

"आणि मी न्हाय म्हनलो तर?"

"तर मी पुढच्या घरी जाईन. तिथं नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या. दिवस मावळेपर्यंत सगळ्या गावाला हेच विचारीन, आणि उभ्यानंच विचारीन."

दस्तगीर सुरीला धार लावत होता, त्याचा हात थांबला. तेवढ्यात सून भांड्यांवरून उठली आणि बकऱ्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "मामंजी, हलगी नसली तर बरंच की. गेल्या साली आमचं ते किती ओरडलं, माझ्याच्यानं घास गिळवंना. जरा गप ऱ्हाऊ देत. देवी काय बहिरी हाय?"

घरची सून भाऊबंदांदेखत इतकं बोलते हे त्या परड्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं," ते म्हणाले. "पर न्हाय झाडलं तर हलगी वाजणार. मग तुझी गाठ गेली झक मारत."

"कबूल."

सुनेनं स्वतः पाणी शिंपडलं. परडं असं गप्प झालं की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. बकऱ्यानं तिच्या हाताला तोंड लावलं. झाडलं नाही, तर सगळं संपलं. मग पाठीवरून थेंब ओघळला आणि त्यानं सहज, कुत्रं झाडतं तसं, अंग झाडलं. सून तोंड फिरवून आत गेली. दस्तगीरनं ओठातल्या ओठात पुटपुटत सुरी फिरवली, आणि मग हलगी अशी कडाडली की माझ्या हातातलं थर्मासाचं झाकण खाली पडलं.

चरबीत हात घालून मी दोन्ही ग्रंथी काढल्या. बाहेरून पिवळसर, आतून गडद. तात्या खाली वाकून पाहत होते.

"एवढीच?"

"एवढीच."

"ह्येच्यात काय असतंय?"

"भ्यालेलं जनावर पळतं ते हिच्या जोरावर. माणसाचंही तसंच."

"मग तू मघाशी न्हाय पळालास," तात्या म्हणाले. ती थट्टा होती की दाद, मला अजून सांगता येत नाही. पुढे म्हणाले ते मात्र थट्टाच होती. "तुझा आजा दाराखाली थांबायचा. तू परड्यापतोर आलास. लई मजल मारली म्हणायची."

"परडं घराच्या मागं असतं, तात्या. पुढच्या खेपेला आम्ही पुढच्या दारानं येऊ."

जेवून जा, असं कुणी म्हणालं नाही, आणि मला वेळही नव्हता. दस्तगीरनं मला सायकलवर घालून बोरगावला पोचवलं. वाटेत म्हणाला, "सिद्धू, आज तात्या मला म्हणत्यात, 'त्येला कुठनं आणलास?' मी म्हटलो, 'आणतोय कशाला, त्यो आपणहून आला.'" आणि जोरात पेडल मारत हसत सुटला.

पुन्हा बेळगाव

पहिली नळी काळोखी होती. ज्या पेशींना मी कुठलाच निरोप दिला नव्हता त्या गप्प होत्या. इतक्या महिन्यांत मला गप्प पेशी पहिल्यांदाच दिसल्या. निरोप दिला, चमक उठली. कॅल्शियम काढलं, चमक उतरली. कॅल्शियम ठेवून औषध घातलं, तरीही उतरली. आणि औषधावर मेदाम्ल घातलं तेव्हा चमक परत वर आली. पूर्ण नाही, अर्ध्याहून थोडी जास्त. पण मेलेली पेशी अर्धीही उठत नाही.

दुसरी ग्रंथी मी बर्फात राखून ठेवली होती. डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर तेच पुन्हा केलं. त्यांनी स्वतः आकडे वाचले, स्वतः लिहिले.

"जिवंत आहेत," ते म्हणाले.

"मी तेच म्हणत होतो, सर."

ते तुटक माणूस, पण अप्रामाणिक नव्हते. प्रकरण ठेव म्हणाले. आणखी बकऱ्यांवर करायला हवं, म्हणाले. ते खरंच होतं. फक्त जाताना दारात थांबले. "साधनांच्या यादीत मात्र 'स्थानिक कत्तलखान्यातून' असंच लिही. परडं, जत्रा, हलगी हे सगळं नको. परीक्षक हसतील."

"हसू द्या, सर. हलगी नव्हती म्हणून हे दिसलं. तेच गाळलं तर दुसरा कुणी करून बघेल आणि त्याला दिसणार नाही. मग तो म्हणेल, मी खोटं लिहिलं."

"गावाचं नाव तरी?"

"गावाचं नाव आधी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझं तू बघ," म्हणाले आणि गेले. समितीपुढे मी गावाच्या नावासकट वाचलं. हसले एक-दोन. नंतर त्यांनी जे प्रश्न विचारले ते आकड्यांबद्दल होते.

त्याच रात्री मी मिरजेला पत्र लिहिलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिला माझ्याकडून कळायला हवं होतं. ते इथे जसंच्या तसं देतो.

*ती. आक्कास,*

*सा. न. वि. वि. मी खाऱ्या दिवशी गावी गेलो होतो. तात्यांच्या परड्यात. बकऱ्याच्या पोटातली गाठ घेऊन आलो. तू आता पत्र खाली ठेवशील हे मला माहीत आहे. ठेव, आणि राग शांत झाला की पुढचं वाच.*

*मी मागितलं नाही. कुणी दिलंही नाही. मी उभा राहून सांगितलं आणि माझ्या हातानं काढून घेतलं. त्यांनी आजोबांचं नाव घेऊन थट्टा केली. मी नाव लपवलं नाही. उलट आधी तेच सांगितलं. सगळ्या भाऊबंदांदेखत त्यांची हलगी थांबवायला लावली. तू असतीस तर कदाचित याहून जास्त बोलली असतीस. मला एवढं जमलं.*

*माझं म्हणणं खरं निघालं, आक्का. डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. कॅल्शियम लागतंच, पण एकट्या मुकादमाच्या ओरडण्यानं काम चालत नाही. रांगेतल्या बाईशिवाय निरोप पोचत नाही. तू म्हणशील, हे सांगायला बेळगावला कशाला जायला पाहिजे, वखारीतल्या कुणालाही विचारायचं. खरं आहे. पण आता ते मोजून दाखवलंय. आता कुणाला ते गाळता येणार नाही.*

*आईचा खोकला तसाच आहे. तुझ्या मंगलच्या परीक्षेचं कळव. भावजींना नमस्कार.*

*एक राहिलं. तुला न विचारता मी तात्यांना एक शब्द देऊन आलोय. पुढच्या जत्रेला आपण दोघं जायचं. पुढच्या दारानं, सोप्यात. मागायला काही नाही. नुसतं बसायला.*

*तुझा,*
*सिद्धू*